फीत कापेपर्यंत

१० नोव्हेंबर, सोमवार

ब्राह्मीनं आज स्पष्ट सांगितलं, "शाळेचं काय असेल ते वहीत लिहा. जेवताना रोज तेच ऐकून माझे कान किटले." दिवाळीत तिच्या भावानं दिलेली जाड पुठ्ठ्याची वही होतीच. पुढे कधीतरी चांगल्या कामाला येईल म्हणून मी ती कव्हरमध्ये जपून ठेवली होती. तिनं कव्हर टराटरा फाडून वही माझ्यापुढं टाकली. कव्हर चांगलं होतं, जरा वाईट वाटलं.

तर शाळेचं. आज मोरकरवाडीत टेम्पो आला. आमच्या गावचे आप्पासो शेट तिकडं सेलमला सोन्याच्या गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, याला गलाई म्हणतात. मी सांगली शहराकडचा, इथं बदलून येईपर्यंत मला हा शब्दही ठाऊक नव्हता. इथं मात्र घरटी एक माणूस त्यासाठी दक्षिणेत गेलेला आहे. शेटनी आपल्या आईच्या नावानं, कै. सुलाबाईंच्या नावानं, शाळेला एक अख्खी खोली भरून साहित्य दिलंय. अपूर्णांकाच्या रंगीत चकत्या, लाकडी ठोकळे, तराजू, लिटर-मिलिलिटरची मापं, पृथ्वीगोल, सूक्ष्मदर्शक आणि दोन कपाटं गोष्टींची पुस्तकं. एवढं साहित्य माझ्या सगळ्या नोकरीत मी एका जागी पाहिलं नाही. खोलीला नव्या गाडीसारखा वास येतोय.

गरज केवढी आहे ते मलाच ठाऊक. गेल्या वर्षी पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत आमच्या शाळेचा भोपळा. मी मुख्याध्यापक म्हणून हजर झालो त्या दिवशीच सरपंच विश्वजितराव म्हणाले होते, "सर, औंदा बी तसंच झालं तर वाडीतली बारकी पोरं कडेगावच्या इंग्लिश शाळंच्या गाडीत बसणार. मी अडवणार न्हाई. माझीच धाकटी पयली बसंल." सरपंचांचा थोरला इंद्रजित यंदा पाचवीतच आहे. पाचवीत पाच मुलं. त्यांच्या निकालावर बाकी सगळ्या शाळेचं ठरणार. पट आधीच तुटपुंजा. लहान मुलं गेली की शाळेची नुसती पाटी उरेल.

पण आता साहित्य आलंय. देव पावला म्हणायचा.

१४ नोव्हेंबर

आज बालदिन, उद्घाटन ठरलं होतं. फीत तालुक्याच्या साहेबांनीच कापावी अशी आप्पासो शेटची फार इच्छा. मी लाल साटीनची फीत आणली, दाराला आडवी बांधली. सकाळी साहेबांच्या पीएंचा फोन: "आचारसंहिता लागलीय. आता निवडणूक होईपर्यंत कुठंच फीत नाही."

राणी मेटकरी मॅडम म्हणजे आमच्या शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका. आटपाडीकडच्या. वडील मेंढरं घेऊन फिरायचे, त्या तळावरच्या शाळांत शिकल्या. त्या म्हणाल्या, "सर, मग तोवर मुलांना वापरायला देऊया का? उद्घाटन होईल तेव्हा होईल."

मी त्यांना खंडाळ्याकडच्या माझ्या आधीच्या शाळेची गोष्ट सांगितली. तिथं शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं होतं. उन्हाळा, मुलं तहानलेली, म्हणून मी दोन दिवस आधी सुरू केलं. पाहुण्यांनी तोटी ओली बघितली आणि भर कार्यक्रमात म्हणाले, "उष्ट्याचं उद्घाटन करायला बोलावलंत का मला?" तसेच गाडीत बसून गेले. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावलाय. दिलेली वस्तू देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नवीच दिसली पाहिजे.

राणी मॅडम बरं म्हणाल्या. त्यांचं बरं मला पूर्ण वाटलं नाही. मी कुलूप घातलं, किल्ली ऑफिसातल्या खुंटीला लावली. फितीला गुरं बांधायची गाठ मारली, वडिलांनी शिकवलेली. ती अशी तशी सुटत नाही. वर कागद लावला: उद्घाटनापूर्वी कोणीही हात लावू नये.

२२ नोव्हेंबर

पाचवीची सराव चाचणी घेतली. तपासून झाल्यावर चहा गोड लागेना. अपूर्णांकांत तर आनंदच. "निम्मा मोठा की पाव?" हरणा म्हणाली, "पाव. चार दोनापेक्षा मोठा असतोय." हरणा ही वर्गातली चुणचुणीत मुलगी, हरणाबाई या आजीचं नाव मिळालेली. तिचं हे, तर बाकीच्यांचं काय सांगावं. मी फळ्यावर गोल काढला, म्हटलं ही भाकरी, हिचे चार तुकडे केले. हरणा म्हणाली, "सर, ही भाकरी न्हाई. खडूचा गोल हाय."

ब्राह्मीला न राहवून सांगितलंच. ती म्हणाली, "बदाम द्या भिजवून. आमच्या अण्णांना त्यानंच पाढे आले." उद्यापासून पाचवीला रोज सकाळी भिजवलेले बदाम. स्मरणशक्तीचा प्रश्न आहे, त्याला खुराकच पाहिजे.

३ डिसेंबर

मतदार यादीच्या कामासाठी तीन दिवस कडेगावला होतो. आल्या आल्या आधी खोलीचं दार बघितलं. कुलूप जागेवर, किल्ली खुंटीवर. फक्त फितीची गाठ निराळी. मी गुरांची गाठ मारली होती, आता वेणीला बांधतात तसं फूल होतं. राणी मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "सुटली होती सर, मी परत बांधली." यंदा वारं फारच आहे. मॅडम मात्र नीटनेटक्या, फूल अगदी देखणं बांधलंय.

वर्गात सहज विचारलं, पाऊण म्हणजे किती अष्टमांश? इंद्रजित पटकन म्हणाला, "निळ्या सहा."

"निळ्या कुठल्या?"

तो खाली बघायला लागला. हरणा म्हणाली, "सर, त्येला रंग दिसत्यात." उत्तर बरोबर होतं. मुलाला कल्पनाशक्ती आहे. घरात बोलायला पाहिजे, चित्रकलेला घाला म्हणून.

१२ डिसेंबर

दुसरी चाचणी. मी पेपर दोनदा तपासले, चुकून जास्त मार्क दिले की काय म्हणून. पाचही जण वर आलेत. हरणानं निम्मा-पाव बरोबर सोडवलं आणि कडेला लिहिलंय, "ठेवून बघितलं." काय ठेवून बघितलं कोण जाणे. पृष्ठभागाची, घनाची गणितं जमली. एका मुलानं तर लिटरच्या गणितात "डाळीच्या मापानं दोन" असं लिहिलंय. बदाम लागू पडले. ब्राह्मीला सांगितलं तर ती एवढी फुशारली की रात्रीच्या आमटीत मीठ दोनदा पडलं. म्हणजे रात्रीच्या नव्हे, आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो, पण बोलायची सवय.

एक नवीन काळजी. दुपारी बंद खोलीतून खुडबुड ऐकू आली. दाराशी बनाबाई डाळ निवडत बसल्या होत्या. शाळेचा पोषण आहार त्याच शिजवतात. म्हणाल्या, "उंदरं हायती गुरुजी. लय माजल्यात." पाचवीचा वर्ग रिकामा होता, मॅडमनी मुलांना परसबागेत नेलंय म्हणे. परसबागेत कोणी दिसलं नाही, पण मी मनात उंदरांचाच विचार करत होतो. पुस्तकं कुरतडली तर शेटना तोंड कसं दाखवू?

१६ डिसेंबर

उंदीर मारायचा प्रश्नच नाही, आपल्यात ते बसत नाही. पकडायचा आणि ओढ्यापलीकडं नेऊन सोडायचा. काल पिंजरा आणला, आत शेंगदाण्याचा लाडू लावला. खोलीत खिडक्या बंद, अंधार. मी दारातूनच वाकून पिंजरा आत सरकवला आणि बाहेर आलो. कशाला हात लावला नाही, बघितलंही नाही.

आज बघतो तर पिंजरा बंद, लाडू गायब, उंदीर नाही. हा उंदीर साधा नाही.

२० डिसेंबर

डोकं लावलं. मोठं नवं कुलूप आणलं, किल्ली माझ्या खिशात. कुलपानं उंदीर अडत नाही हे मलाही कळतं, पण मनाला आधार वाटतो. राणी मॅडमना किल्ली आता माझ्याकडं राहील असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, एक सांगू का?" तेवढ्यात केंद्रप्रमुखांचा फोन आला. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही." मुलंही आज मरगळलेली होती. थंडी वाढलीय.

६ जानेवारी

लिहू नये असं वाटतंय. तिसरी चाचणी. पाचही जण घसरले. इंद्रजितला पाऊण म्हणजे काय विचारलं तर डोळे मिटून बसला, आणि बऱ्याच वेळानं म्हणाला, "इसरलो, सर." हरणानं घनाच्या गणिताला भोपळा घेतला. बदाम रोज चालू आहेत, एक दिवस खाडा नाही. मीही या पंधरा दिवसांत एकदासुद्धा शाळा सोडली नाही, सगळे तास माझ्या नजरेखाली झाले. तरी हे असं. मग चुकतंय कुठं?

दुपारी सरपंच एका माणसाला घेऊन शाळेच्या चौकात आले. तो माणूस पावलं टाकून रस्ता मोजत होता. मी विचारलं तर सरपंच जरा ओशाळले. "गाडी हितं वळती का बघतोय, सर. लगीच न्हाई. तुमचा निकाल लागू दे." माणूस वाईट नाही. पण गाडी वळते. मी बघितलं, आरामात वळते.

घरी येऊन टीव्ही लावला. आमच्या रिमोटवर अजून प्लास्टिक आहे, त्यामुळं बटण तीन-चारदा दाबावं लागतं. ब्राह्मी म्हणाली, "पाच वर्षं झाली, आता तरी काढा." मी म्हटलं, काढलं की खराब होतो. ती म्हणाली, "आणि न काढता चालतोय तरी कुठं?" मला भांडायचं बळ नव्हतं. मला भीती वाटतेय. माझ्या हातानं ही शाळा बंद पडणार, ही भीती.

उद्यापासून बदाम दुप्पट.

१४ जानेवारी

आज पीएंचा परत फोन. आता जिल्हा परिषदेची आचारसंहिता. उद्घाटन थेट एप्रिलमध्ये, गावच्या जत्रेला. तेव्हा गलाईवाले सगळे गावी येतात, शेटही असतील. परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे साहित्य असून नसल्यासारखंच. पण इलाज काय?

मला निवडणुकीची ड्यूटी, त्यात प्रशिक्षणं. कुलपाचा विषय राणी मॅडमनीच काढला. "सर, तुम्ही नसताना उंदरांनी धुमाकूळ घातला तर? किल्ली माझ्याकडं द्या, मी बंदोबस्त करते."

"काय कराल?"

"रोज थोडा वेळ दार उघडं ठेवलं की उंदीर टिकत नाही, सर. माणसांचा वावर लागतो."

हे मला पटलं. किल्ली दिली. जबाबदारीची जाण असलेली बाई आहे. फक्त बजावलं, वस्तूंना हात नको. त्यांनी मान हलवली, म्हणजे हो की नाही ते मी नीट पाहिलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

काल चौथी चाचणी. दोन आठवडे मी निम्मा वेळ बाहेरच होतो, त्यामुळं भीत भीतच पेपर हातात घेतले. आणि काय सांगावं. पाचही जण डिसेंबरपेक्षाही वर. घनाच्या गणितात हरणाचं एकही चुकलं नाही. नकाशाच्या प्रश्नात सगळ्यांनी सेलम बरोबर दाखवलं, जे मी शिकवलेलंच नाही. गावचे लोक तिकडं आहेत म्हणून कानावर पडत असेल.

बदाम दुप्पट केल्याचा हा परिणाम. उंदीरही गेले वाटतं, पिंजरा रिकामाच आहे. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

२२ फेब्रुवारी

परीक्षा झाली. केंद्र कडेगावला. पाचही जणांना मी आणि राणी मॅडमनी जीपमधून नेलं. बनाबाईंनी दहीभात बांधून दिला होता.

बुद्धिमत्तेच्या पेपराच्या वेळी मी खिडकीबाहेरच्या झाडाखाली उभा होतो. आत हरणा दिसत होती. पेन खाली ठेवून ती दोन्ही हातांनी हवेत काहीतरी फिरवत होती, जसं एखादं फळ उलटून पालटून बघावं. पर्यवेक्षक तिच्याकडं बघायला लागले. मग तिनं पेन उचललं आणि गोल काळा केला. बाहेर आल्यावर विचारलं, काय करत होतीस?

"ठोकळा फिरवत हुते, सर. खालच्या बाजूला कंचा आकडा हाय बघायला."

"कुठला ठोकळा?"

ती राणी मॅडमकडं बघायला लागली. मग म्हणाली, "डोक्यातला."

परत येताना मुलं जीपमध्ये गात होती. राणी मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या, डोळ्यांत पाणी होतं. धूळ फार होती रस्त्याला.

९ एप्रिल

उद्या जत्रा, उद्या उद्घाटन. परीक्षेचा निकाल अजून लागलेला नाही.

झाडून घ्यावं म्हणून मॅडमकडून किल्ली मागितली. त्या म्हणाल्या, "मीही येते." मी खिडक्या उघडल्या, उजेड आत आला, आणि मी तिथल्या बारक्या स्टुलावर मटकन बसलो.

प्लास्टिकची सगळी आवरणं घड्या घालून कोपऱ्यात रचलेली. चकत्यांच्या कडांचा रंग उडालेला. तराजूच्या पारड्याला हळद. पृथ्वीगोलावर सांगली आणि सेलमच्या जागी बोटं लागून लागून चकाकी आलेली. गोष्टींच्या पुस्तकांत खुणेला कडुनिंबाची पानं, पार शेवटच्या पानापर्यंत. निळी एक चकती नाहीच.

उंदीर नव्हताच कधी.

मला आधी राग आला, आणि रागाच्या मागून भीती. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही मला फसवलंत."

"हो सर," त्या म्हणाल्या. "तीनदा तोंडाशी आलं होतं सांगायचं. तुम्ही खंडाळ्याची गोष्ट सांगितली, मग धीर झाला नाही. आमच्या तळावरच्या शाळेत असलीच एक पेटी होती सर. गुरुजी आले की ती नुसती पुसून ठेवायचे. मी चौथी झाले तरी तिच्यात काय आहे ते कळलं नाही. किल्ली तुमच्या खिशात होती तेव्हाचे मार्क आठवताय ना तुम्हाला?"

आठवत होते. मला एकदम सगळंच आठवलं. वाऱ्यानं सुटणारी गाठ, निळ्या सहा, डाळीचं माप.  खरं सांगायचं तर मला बदामांचा विचार आला.

बनाबाई दारात उभ्या होत्या. "गुरुजी, काय घालायचं ते माज्यावर घाला. भाईरनं कुलूप लावून राखणीला मीच बसत हुते."

त्यांच्या मागून इंद्रजित पुढं आला. "लाडू मी खाल्ला, सर."

 उद्या साहेब येणार, शेट येणार, सरपंच येणार, आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा तेच ऐकायचं, उष्ट्याचं उद्घाटन. शेटनी पाठ फिरवली तर गावाला इंग्लिश शाळेच्या गाडीसाठी निकालाचीही वाट बघावी लागणार नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून हळद पुसली, आवरणं परत चढवायचा प्रयत्न केला. चढेनात. एकदा काढलेलं प्लास्टिक परत बसत नाही, हे मला या वयात कळतंय.

फीत घरी आणली. चुरगळून चिंधी झाली होती. इस्त्री केली. ब्राह्मी काही बोलली नाही, नुसतं पाणी शिंपडून दिलं.

१० एप्रिल

सगळं लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

सकाळीच राणी मॅडमनी इस्त्रीची फीत दाराला बांधली, तेच फूल करून. मंडप गच्च भरला होता. जत्रेसाठी आलेली गलाईवाली मंडळी, गळ्यात चेन, शर्टाला इस्त्री. आप्पासो शेट उंच, किरकोळ, मोजकं बोलणारे. साहेब आले, दिवा लागला, नारळ फुटला. मी ताट पुढं केलं. ताटात कुंकू, अक्षता आणि नवी कात्री.

कात्री पुठ्ठ्यावर प्लास्टिकमध्ये बसवलेली होती. ऐन वेळी काढू म्हणून मी ती तशीच ठेवली होती, नवी दिसावी म्हणून. साहेबांनी नखानं उचकटून बघितली. मी ओढली. सरपंचांनी दातानं प्रयत्न केला. ती काढायला दुसरी कात्री लागणार होती. मंडपात खसखस पिकली, साहेबांच्या कपाळावर आठी. 

तेवढ्यात हरणा पुढं आली. "सायब, कापू नगा. ह्ये टोक वढलं की सुटतंय." आणि तिनं एका बोटानं फितीचं टोक ओढलं. फूल सुटलं, फीत दोन्हीकडं सरकली. रोज केल्यासारखं. रोजच केलेलं. मग तिनं दार ढकललं आणि पाचवीची मुलं कोणी न सांगता आत शिरली. एक जण तराजूपाशी, एक पुस्तकांपाशी, इंद्रजित तिसऱ्या फळीवरचा सूक्ष्मदर्शक उतरवून आरसा उजेडाकडं वळवायला लागला. हरणानं ठोकळे मांडले. साहेबांकडं कोणाचं लक्षसुद्धा नव्हतं.

सगळं उघडं पडलं होतं. मी शेटकडं बघितलं. खंडाळ्याच्या पाहुण्यांचा चेहरा मला आठवत होता.

शेटनी एक चकती उचलली, तिच्या उडालेल्या कडेवर अंगठा फिरवला. "गुरुजी, ही वापरल्याली हाय."

"हो," मी म्हणालो.  राणी मॅडम पुढं यायला लागल्या, मी हातानं थांबवलं. म्हटलं, "नोव्हेंबरपासून. माझ्या शाळेत झालंय, जबाबदारी माझी."

शेट मुलांकडं वळले. मग म्हणाले, "माजी आई, सुलाबाई. कवाबी कोण दारात आलं तर जेवल्याबिगार सोडायची न्हाई. तिच्या नावाची खोली, आन तिच्या दारात पोरं पाच म्हैनं ताटाकडं बघत बसली असती, तर मला लय लागलं असतं, गुरुजी." त्यांनी चकती जागेवर ठेवली. "फीत मी उगंच मदी घातली. चूक माजी हाय."

साहेब हसले. म्हणाले, "मला आजवर कात्रीशिवाय कोणी उद्घाटन करू दिलं नव्हतं." आणि हरणाला विचारलं, ठोकळ्याच्या खालच्या बाजूला काय आहे ते न उचलता सांग बरं. तिनं सांगितलं. साहेबांनी उचलून बघितलं आणि पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. चार-पाच वेळा झालं, तिकडं साहेबांना पुढच्या कार्यक्रमाला उशीर.

 बनाबाईंनी पाण्याचा तांब्या दिला. मी तो एका दमात संपवला.

२५ एप्रिल

निकाल लागला. पाचांपैकी चार जण पात्र. हरणाचं नाव थेट जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत. मी मोबाईलवर तीनदा बघितलं, मग राणी मॅडमना फोन केला. त्या काही बोलेचनात. मी म्हटलं, "मॅडम, ऐकू येतंय का?" तर म्हणाल्या, "येतंय सर. तुम्ही परत वाचून दाखवा." मी परत वाचून दाखवलं.

राहिलेला एक म्हणजे इंद्रजित. थोडक्या मार्कांनी हुकला. ज्यानं सगळ्यांना सूक्ष्मदर्शक लावायला शिकवलं, तोच. गोल काळे करताना एक ओळ चुकला असावा. मला फार वाईट वाटलं. आणि तो सरपंचांचा मुलगा. आनंदात हा खडा राहिलाच. आता सरपंच काय करतात ते बघायचं.

१ मे

झेंडावंदन झालं, वार्षिक निकाल वाटले. सरपंच मंडपात मागं उभे होते, हात धरून धाकटी. मी मनाची तयारी केली. म्हटलं, चार पास झाले हे खरं, पण माणसाला आपलंच पोर दिसतं.

ते ऑफिसात आले. "सर, ह्या भाग्यश्रीचं नाव पयलीत घाला."

मी म्हटलं, "विश्वजितराव, इंद्रजितचं जरा..."

"हुकला. बघितलं की. दोन दिस रडला." ते खुर्चीत बसले. "पर सर, घरात भाकरी मोडताना हिला अष्टमांश शिकवतोय. गेल्या साली त्येला इच्यारलं की गप्प बसायचा, आता आमालाच इच्यारतोय. मार्काचं बघू फुडं. गाडीवाल्याला सांगितलं, आमचं काय न्हाई. बाकीच्यांनी बी तेच सांगितलं. तो दुसरं गाव बघतोय."

मी मान खाली घालून अर्ज शोधायला लागलो. अर्ज समोरच होता. डोळे पुसायला निमित्त पाहिजे होतं.

भाग्यश्री तोवर सुलाबाईंच्या खोलीच्या दारात जाऊन पोचली होती. दार आता उघडंच असतं. फीत हरणानं खिडकीच्या गजाला बांधलीय. सरपंच आणि मी तिच्या मागोमाग गेलो, राणी मॅडम आत होत्याच. पोरीच्या मुठीत काहीतरी होतं. बघितलं तर हरवलेली निळी चकती. भावानं घरी नेली होती. तिनं आत जाऊन ती बरोबर निळ्या चकत्यांच्या डब्यात टाकली आणि पृथ्वीगोलाकडं हात नेला.

"हात..." एवढं माझ्या तोंडून निघालं. सवयच ती. पोरगी दचकून थांबली, माझ्याकडं बघायला लागली. सरपंच आणि राणी मॅडमही बघायला लागले.

"हात लाव," मी म्हणालो. "फिरव."

तिनं जोरात फिरवला. एवढ्या जोरात की मला खुर्ची धरावी लागली, पण मी काही बोललो नाही.

घरी आलो. ब्राह्मीला सगळं सांगितलं, तिनंही आज वहीत लिहा म्हटलं नाही. बदामांचाही थोडा वाटा असणार असं आमचं दोघांचं ठरलं. मग मी रिमोटचं प्लास्टिक काढलं. ती बघत होती, पण हसली नाही, हे तिचे उपकार. बटण एकदाच दाबलं. टीव्ही लागला.